टिअर्नींचे कुलदैवत

माणूस भेटला की टिअर्नीबाई पहिला प्रश्न विचारीत, "मूळचे कुठले?" हा प्रश्न त्या मराठी माणसाला विचारीत, तुर्की भाजीवाल्याला विचारीत आणि नगरपालिकेतल्या कारकुनालाही विचारीत. जर्मन माणसाला असे विचारलेले आवडत नाही. तो एखाद्या गावाचे नाव सांगतो आणि गप्प होतो. बाई गप्प होत नसत. "ते आत्ताचं झालं. त्याच्या आधी?" असे म्हणून त्या हातातली पिशवी जमिनीवर ठेवीत. पिशवी जमिनीवर टेकली की समोरच्याने ओळखावे, आता सुटका नाही.

वोल्फ्सबुर्ग हे शहरच मुळी मोटारींच्या कारखान्यासाठी वसवलेले. इथे मूळचा असा फारसा कोणी नाही. जो तो कुठून तरी आलेला आणि बहुतेकांनी मागचे सांगणे सोडून दिलेले. अशा गावात बाईंनी आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराची दोन-तीन पिढ्यांची हकीकत जमवली होती. कोपऱ्यावरच्या पाववाल्याचे आजोबा युद्धानंतर पूर्वेकडून हातगाडी ओढत आले, हे त्याच्या बायकोला ठाऊक नव्हते. बाईंना होते.

त्यांना देवाघरी जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी काही लिहावे, असे त्यांची मुलगी क्लारा हिने मला सुचवले. क्लाराला मराठी समजते, पण वाचता येत नाही. त्यामुळे मला हात आखडता घेण्याचे कारण नाही.

बाई मूळच्या सांगलीकडच्या. माहेरचे नाव सिंधू. पुण्यात जर्मन शिकल्या आणि तिथल्याच एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागल्या. त्या कारखान्यात यंत्रे बसवायला वेर्नर टिअर्नी नावाचा एक उंच, अबोल जर्मन अभियंता आला. यंत्रे बसली, आणि वेर्नर परत निघाला तेव्हा बाईही निघाल्या. लग्न वोल्फ्सबुर्गच्या नगरभवनात झाले. एक सही त्यांची, एक वेर्नरची, साक्षीदार म्हणून एक माझी. मी वेर्नरबरोबर इथल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करीत होतो. बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारले, "झालं?" मी म्हणालो, "झालं." त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तर रेशनकार्डापेक्षा लवकर झालं."

तेव्हापासून मी त्यांचा भाऊजी आणि त्या माझ्या वहिनी.

ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज. हिवाळ्यात साडीवर वेर्नरचा जुना ओव्हरकोट आणि पायांत लोकरी मोजे. जर्मन उत्तम बोलत, पण भांडण मराठीत करीत, आणि आश्चर्य असे की समोरच्याला ते समजे. वेर्नरला त्या 'अहो' म्हणत, सासूला 'सासूबाई'. म्हातारीने हे नाव आनंदाने स्वीकारले होते. दारावर अंडी विकायला येणारा माणूससुद्धा पुढे पुढे "फ्राऊ सासूबाई आहेत का?" असे विचारू लागला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी वेर्नरला विचारले, "आपलं कुलदैवत कोणतं?"

वेर्नर प्रामाणिक माणूस. त्याने आधी प्रश्न नीट समजून घेतला. नव्या जोडप्याने सासरच्या देवाला जाऊन यायचे असते, बायकोचा पदर आणि नवऱ्याचे उपरणे यांची गाठ बांधून प्रदक्षिणा घालायची असते, त्याशिवाय सून घरात आली असे होत नाही, हे सगळे त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "आमच्याकडे असं काही नाही."

"असं कसं? घराणं कुठून तरी सुरू झालं असेल ना?"

"आजोबांचे आजोबा आयर्लंडहून आले. रूरच्या भागात कोळशाच्या खाणीचं उभं विवर खणायला बाहेरून माणसं आणली होती, त्यात ते होते. त्याच्या मागचं कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे तुमचं घराणं खड्ड्यातून सुरू होतं?"

वेर्नरने विचार केला. "गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर, या अर्थी.

बाई त्या दिवशी हसल्या. पण विषय संपला नव्हता. चाळीसेक वर्षे तो अधूनमधून निघत राहिला. सणावाराला, दुखण्याखुपण्यात, क्लाराच्या बारशाला. बाई चिडून बोलत नसत. भिंतीवरचा एखादा खिळा अर्धा राहिला असावा आणि येता-जाता त्याकडे लक्ष जावे, तसे त्यांचे होई. एकदा माझ्यापाशी म्हणाल्या, "आमचं लग्न अर्धं राहिलंय, भाऊजी. नोंदलं गेलं, लागलं नाही." वेर्नर शेजारच्या खोलीत होता. त्याने ऐकले असणार.

क्लारा म्युनिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिथल्याच मार्टिन नावाच्या मुलाशी तिचे जमले. लग्न वोल्फ्सबुर्गला करायचे ठरले, सकाळी नगरभवनात आणि मग सभागृहात आपल्या पद्धतीने. ही बातमी सांगायला ती आली त्या दिवशी मी तिथे जेवायला होतो. आईने मराठीत बोलायचे आणि मुलीने जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, आईला जर्मन पद्धतीने 'मामा' म्हणायचे, ही त्या घरची रीत.

"आणि मामा, मार्टिन आपलं आडनाव घेणार आहे," क्लारा म्हणाली. "त्याचं त्याला आवडत नाही. तोही टिअर्नी होणार."

जर्मनीत नवरा बायकोचे आडनाव घेऊ शकतो. मला वाटले, बाई खूश होतील. त्यांनी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला.

"मग तर झालंच. परक्याचा मुलगा आपलं नाव लावायला निघालाय, आणि ते नाव कुठलं हे आपल्याला सांगता येत नाही. त्याच्या आईने विचारलं तर काय सांगू? खड्ड्यातलं?"

"मामा, त्याची आई असं काही विचारणार नाही."

"न विचारू दे. पहिली पत्रिका कुणापुढे ठेवायची?"

क्लाराने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की आपल्याकडे लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवतात. देवाला आमंत्रण दिल्याखेरीज माणसांना देत नाहीत.

"आल्झो, मग गणपतीपुढे ठेव ना. तो तुझ्या देवघरात आहे."

"तो माझ्या माहेरचा. पत्रिकेवर नाव टिअर्नींचं. टिअर्नींच्या देवाला आधी कळलं पाहिजे." बाईंनी डाव पुन्हा उचलला. "पुढच्या मे महिन्यात लग्न ना? त्याच्या आत मी शोधते. तोवर एकही पत्रिका बाहेर जाणार नाही."

"पपा!" क्लारा म्हणाली.

वेर्नर बटाटे खात होता. तो म्हणाला, "तुझ्या आईला वर्ष आहे. पुरेल."

बाईंची शोध घेण्याची पद्धत आपल्या मुलखातली होती, आणि पहिली चूकही तिथलीच. आयरिश आडनावांची माहिती त्यांनी मिळवली. टिअर्नी या नावाचा मूळ अर्थ धनी, मालक. हे नाव त्या देशात तीन वेगवेगळ्या भागांत आपापले उगवले आणि तिन्ही घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पैकी मधला भाग जायला सोयीचा, म्हणून बाईंनी तोच मूळ धरला. त्या उन्हाळ्यात दोघे सहलीच्या बसने तिकडे गेले. बाईंना पक्के ठाऊक होते की गावी जाऊन तिथल्या उपाध्यायाला गाठले की काम झाले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला जावे, आडनाव सांगावे आणि गुरुजींनी सात पिढ्या वाचून दाखवाव्यात. आयर्लंडच्या पाद्र्याकडे निराळे काय असणार?

त्या पाद्र्याची मला आजही दया येते. बाईंनी त्याच्यापुढे पिशवी जमिनीवर ठेवली, नवऱ्याचे नाव, सासऱ्याचे नाव सांगितले आणि म्हणाल्या, "आता पुढचं तुम्ही सांगा."

पाद्री म्हणाला, "मला कसं माहीत असेल?"

"तुम्ही यजमानांची नोंद ठेवत नाही? मग करता काय?"

तो भला माणूस होता. त्याने त्यांना चहा पाजला आणि गावची पवित्र विहीर दाखवली. बाईंनी विहिरीवर खण-नारळाने ओटी भरली. वेर्नर बसमध्ये बसून राहिला. तो कोणताच देव मानत नव्हता, आणि मानावा असे बाईंनी त्याला कधी सांगितलेही नव्हते.

परत आल्या त्या फारशा समाधानी नव्हत्या. "दर्शन झालं, पण ओळख पटली नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरी जेवून आल्यासारखं वाटतंय."

"ओटी तर भरलीत."

"हो, भरली. कुणाच्या का देवीची असेना, वाया थोडीच जाते!"

पत्रिका छापून आल्या होत्या. गठ्ठा फडताळात पडून राहिला. क्लाराचे फोन सुरू झाले, मग मार्टिनचेही. बाई मार्टिनशी गोड बोलत आणि पत्रिकेचे नाव काढू देत नसत.

पुढे जे घडले त्याला निमित्त मी झालो, पण श्रेय घ्यावे असे त्यात काही नाही. जानेवारी संपत आला होता. मी त्यांच्याकडे वेर्नरची पाना-पेटी परत करायला गेलो. बाई गॅरेजमध्ये स्टुलावर बसून गव्हाच्या काडांचे काहीतरी विणत होत्या. हे त्या दर वर्षी करीत. मधोमध काडांची घट्ट वीण आणि तिच्यातून निघालेले तीन लांब हात, टोकांना दोऱ्याने बांधलेले. जुने उतरवून नवे गॅरेजच्या दारावर टांगायचे. सासूबाई करीत, म्हणून बाई करीत. सासूबाईंना त्यांच्या सासूने शिकवले होते. त्या काळी खाणकामगारांच्या घरामागे एखादी गाय असे, तेव्हा ते गोठ्याच्या दारावर असायचे. गोठा गेला, मोटार आली. आकृती दारावरच राहिली.

वर्षानुवर्षे ती मी पाहत होतो. त्या दिवशी सहज म्हणालो, "वहिनी, तीन हात कशाला? चार केले तर तोल बरा राहील. ही एका बाजूला कलते."

"तीनच करायचे. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं. चार नाही करायचे."

"का?"

"का म्हणजे? आमच्यात तीनच..." असे म्हणता म्हणता त्या थांबल्या. हातातली काडी तशीच राहिली. मग त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारले, "भाऊजी, याला काय म्हणतात?"

"कशाला?"

"सासूने सुनेला शिकवायचं, कारण विचारायचं नाही, वर्षाच्या ठरल्या दिवशी करायचं, आणि आमच्यात असंच म्हणायचं. याला आपल्याकडे काय म्हणतात?"

"कुलाचार," मी म्हणालो.

बाई उठल्या. "मी चाळीस वर्षं कुलाचार करतेय," त्या म्हणाल्या, "आणि कुलदैवत शोधायला बसने गेले."

त्यांनी त्या आकृतीचा फोटो काढून पाठवला तो ज्याला झापले होते त्याच पाद्र्याला. भल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी फोन केला. ही संत ब्रिजिटची खूण, तो म्हणाला. गुरांची, दुधाची आणि विहिरींची राखण करणारी संत. फेब्रुवारी लागताना तिचा सण असतो, त्याच्या आदल्या दिवशी हे विणतात. सगळ्या देशात विणतात, पण बहुतेक ठिकाणी चार हातांचे. गोठ्यासाठी तीन हातांचे करण्याची रीत वायव्येकडची, डोनेगलच्या बाजूची. आणि टिअर्नींच्या तीन घराण्यांपैकी एक तिकडचेच.

बाईंनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितले, "बाईच आहे. मला वाटलंच होतं."

दुसऱ्या खेपेला मीही गेलो. कारण एवढेच की आयर्लंडमध्ये गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. वेर्नरने आयुष्यभर मोटारींचे सुटे भाग घडवले, पण डावीकडून चालवायला तो तयार होईना. मी गाडी शिकलो ती पुण्यात. दोघे मागे बसले, आणि नकाशा बाईंच्या हातात होता, म्हणजे प्रत्येक फाट्यावर गाडी थांबवून कुणाला तरी विचारणे आले. नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. डोनेगलमधल्या टिअर्नींच्या वाड्या त्यांनी अशाच विचारत विचारत शोधल्या, आणि तिसऱ्या दिवशी समुद्रापासून जवळच एका उतारावर आम्ही पोहोचलो.

दगडी गडग्यांनी आखलेली हिरवी शेते, बोचरा वारा. उताराच्या पायथ्याशी लहानशी विहीर, गुडघाभर उंचीचा कठडा, शेजारी एक वाकडे झाड आणि त्याच्या फांद्यांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. आमच्या आधी तिथे एक वृद्ध स्त्री होती. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. ती विहिरीभोवती फेऱ्या घालीत होती, तोंडाने काही पुटपुटत.

बाईंनी ते दृश्य पाहिले आणि कोट काढून माझ्या हातात दिला. आत जरीकाठी साडी होती. पिशवीतून हळदकुंकू, तांदूळ, खण आणि वोल्फ्सबुर्गहून आणलेला नारळ निघाला. त्या वृद्धेच्या मागोमाग त्यांनीही प्रदक्षिणेला सुरुवात केली. वृद्धा वळून म्हणाली, "सूर्याच्या चालीने जायचं हं, उजवीकडून."

"मी तशीच जातेय," बाई म्हणाल्या. "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"इथलीच."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही इथलीच."

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा असे उत्तर मिळाले असावे. त्यांच्याजवळ पुढचा प्रश्न नव्हता.

त्या स्त्रीचे नाव नोरा. बाईंनी तिला पिशवीतली तीन हातांची आकृती दाखवली. नोराने ती उलटसुलट करून पाहिली. "ही गोठ्यातली. माझी आई अशीच करायची. हल्ली मुलांना शाळेत चार हातांचीच शिकवतात." मग तिने विहिरीकाठचे लव्हाळे उपटले, आणि पहिली काडी दुमडण्याआधी अंगठा जिभेला लावून ओला केला.

वेर्नर कठड्यापासून लांब, गडग्याला टेकून उभा होता. "मी इथेच थांबतो," असे त्याने उतरतानाच सांगितले होते. त्याने नोराचा तो अंगठा पाहिला. मी वेर्नरच्या आईला काडे विणताना पाहिलेले होते. ती प्रत्येक वेळी असाच अंगठा ओला करी, आणि तिचे पाहून बाईही करीत. दुसऱ्या कुणाला मी तसे करताना पाहिले नव्हते.

नोराचे विणून होईपर्यंत वेर्नर तिच्या हातांकडे पाहत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, कठड्याजवळ आला आणि बायकोला विचारले, "कुठून सुरू करायचं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याच्या गळ्यातला मफलर ओढून त्याचे एक टोक आपल्या पदराला बांधले. गाठ बसेना, लोकर जाड होती. "अहो, जरा वाका की," त्या म्हणाल्या, "तुमच्या उंचीपायी एवढी वर्षं गेली." वेर्नर वाकला. त्या पुढे आणि तो मागे, अशा त्यांनी प्रदक्षिणा घातल्या. मी कोट धरून उभा होतो. वारा फार होता. डोळ्यांना पाणी यायला तेवढे पुरे.

शेवटी बाईंनी पत्रिका काढली, कडेला हळदकुंकू लावले, कठड्यावर ठेवली आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. नोराने वाकून नाव वाचले. "टिअर्नी? वरच्या वाडीत होते टिअर्नी. आता नुसत्या भिंती आहेत. म्हातारी माणसं त्यांना धनी म्हणून चिडवायची. होतं काय त्यांच्याकडे? एक गाय."

"ऐकलंत?" बाई वेर्नरला म्हणाल्या. "खड्ड्याच्या आधी गाय होती."

"लग्नाचं गाव लांब आहे," नोरा पत्रिकेकडे बघत म्हणाली.

"देवीला लांब कसलं? पण तिला एकटीला रस्ता कसा सापडणार? तुम्ही यायचं बरोबर. माझं आमंत्रण आहे." बाईंनी पिशवीतून दुसरी पत्रिका काढून तिच्या हातात दिली, वर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. नोरा हसली. खोबरे तिने खाल्ले. मला तो सगळा रीतीचा भाग वाटला.

त्याच आठवड्यात वोल्फ्सबुर्गहून बाकीच्या पत्रिका गेल्या.

लग्नाच्या दिवशी मे महिन्यातले स्वच्छ ऊन होते. एका क्रीडामंडळाचे सभागृह घेतले होते. लग्न लावायला बर्लिनहून गुरुजी आले होते. आठवडाभर ते संगणकाचे काम करतात. पाहुणे अपेक्षेहून जास्त झाले आणि खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर मात्र बाईंनी लाल वस्त्र घालून ती रिकामी ठेवली होती.

"वहिनी, माणसं उभी आहेत," मी म्हणालो.

"असू देत."

"मामा, बिट्टे," क्लारा विनवीत म्हणाली. बाईंनी ऐकले नाही. मार्टिनच्या आईने जर्मन शिष्टाचाराने विचारले की ही जागा कोणासाठी आहे.

"टिअर्नींच्या घरच्यांसाठी," बाई म्हणाल्या. मार्टिनच्या आईने मान डोलावली, आणि पुढे काही विचारले नाही. याबाबतीत क्लाराचे म्हणणे खरे ठरले.

गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मागचे दार उघडले. दारात नोरा उभी होती. डोक्याला निळी टोपी, हातात लहान बॅग, मागे प्रवासाने दमलेली तिची पुतणी. माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. वेर्नरने माझा दंड धरला. "हिला माहीत होतं?" त्याने विचारले.

"मला नाही वाटत."

"मग खुर्ची?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. चालत दारापर्यंत गेल्या आणि नोराचा हात धरून म्हणाल्या, "जरा उशीरच झाला. या." एवढेच. तिला आणून त्या खुर्चीत बसवले. नोराने बॅगेतून सरबताची एक बाटली काढली. तिच्यात विहिरीचे पाणी होते. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि ते कलशात ओतले. मग मंगलाष्टके सुरू झाली.

जेवणाच्या वेळी मी बाईंना गाठले. "खरं सांगा, ती येणार हे ठाऊक होतं?"

"कसं ठाऊक असणार? आमंत्रण दिलं की खुर्ची ठेवायची, भाऊजी. येणं न येणं त्यांच्याकडे."

पुढे लवकरच दोघे घर विकून मुलीजवळ म्युनिकला गेले. घर बदलण्याच्या दिवशी मी इथे नव्हतो. त्यानंतर बाई मला फोनच्या पडद्यावर दिसत. पडद्यावर माणूस दिसतो, भेटत नाही. त्यामुळे मी त्यांना पाहिले ते शेवटचे त्याच दिवशी, त्याच सभागृहात, असे मी धरतो.

संध्याकाळी जागा मोकळी करून द्यायची होती. पाहुणे गेले. बाहेर ऊन अजून होते. पीतांबर नेसलेला मार्टिन एकेक खुर्ची मिटून भिंतीशी लावत होता. तो आता टिअर्नी झाला होता आणि कामाला लागला होता. शेवटी दोनच खुर्च्या राहिल्या. एकीत नोरा झोपली होती. टोपी मांडीवर, बूट काढून नीट शेजारी ठेवलेले. अंगावर बाईंची शाल होती. दुसरीत बाई बसल्या होत्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. केसांतला गजरा खाली घसरला होता. मफलर बांधून चुरगळलेला पदर त्यांनी इस्त्री न करता तसाच आणला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

मार्टिन नोराजवळ आला आणि तिला हलवण्यासाठी वाकला. बाईंनी ओठांवर बोट ठेवले.

"उठवायचं नाही," त्या त्याला हळूच म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या. त्याला मराठी येत नव्हते, पण तो समजला आणि चवड्यांवर मागे सरकला. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हातानेच खूण केली, दार आवाज न करता ओढून घ्या.

मी ओढून घेतले.